थ्री नॉट थ्री, माऊजर आणि आमचा आल्ड्रॉप

आमच्या घराण्यात आजवर कोणी बंदूक चालवलेली नाही, त्यामुळे बंदुकांबद्दल आमची मतं अत्यंत ठाम आहेत.

सगळ्यात ठाम मतं आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आबा भुसावळच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं होते. भुसावळात नुसतं 'फॅक्टरी' म्हटलं की ती लष्कराच्या सामानाची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय तो अनुभव! आबांनी तिथे डबे केले. गोळ्या भरून पाठवायचे पत्र्याचे डबे. त्या डब्यात पुढे काय भरलं जातं आणि ते कोणत्या बंदुकीत बसतं, याची त्यांना तितकीच माहिती, जितकी मिठाईचा खोका चिकटवणाऱ्याला पेढ्याच्या चवीची. पण निवृत्त झाल्यापासून ते ओट्यावर बसून सांगतात, जगात रायफल एकच, ती जर्मन माऊजर. कारण काय? तर त्यांच्या खात्यात पत्रा दाबायचं एक जर्मन मशीन होतं आणि ते चौतीस वर्षांत एकदाच अडकलं. त्या दिवशीही चूक मशीनची नव्हती, माणसाची होती. एवढ्या पुराव्यावर आबांनी दोन्ही महायुद्धांचा निकाल लावून टाकलेला आहे.

आता माझ्याबद्दल. मी जळगावात डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे. जेवणानंतर मिलमध्ये अर्धा तास मोबाइल बघायला मिळतो. त्या अर्ध्या अर्ध्या तासांत मी गेल्या दोन वर्षांत जुन्या लष्करी रायफलींचे इतके व्हिडिओ पाहिले की आता मी आबांनाही अडाणी समजतो. (फटाक्यांत मी फुलबाजीच्या पुढे गेलेलो नाही. धूर सोसत नाही.) या जुन्या रायफलींचं मर्म असं की प्रत्येक गोळीला एक पोलादी दांडा हाताने चालवावा लागतो. दांडा वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. आपल्या दाराला जो आल्ड्रॉप असतो ना, आडवी सळई आणि तिला मूठ, अगदी तस्सं. हे उदाहरण माझंच आहे. ते सुचलं तेव्हा मला माझा फार अभिमान वाटला होता.

तर आमच्या आशूचं, म्हणजे माझ्या एकुलत्या एक मुलीचं, धुळ्याला जमत आलं. मुलगा हर्षल, शांत, कामाचा. आशू इथल्या एका पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. पर्समध्ये लिपस्टिक नसेल, पण पेचकस असतो. घरातला पंखा, मिक्सर, नळ, सगळं तीच बघते. मी फक्त शेजारी उभा राहून सूचना देतो. तिचं याआधीचं एक स्थळ आबांच्या आणि माझ्या तोंडामुळे फिसकटलं होतं. त्या पाहुण्यांना आम्ही दोघांनी मिळून पाऊण तास माऊजर समजावून सांगितली, आणि ते पोह्याच्या बशा अर्ध्या ठेवून उठले. या वेळी सुपारीच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी आशूने मला गच्चीवर नेऊन सांगितलं, "पप्पा, हे स्थळ मला हवंय. उद्या तेवढं सांभाळा." बस. एवढंच. पोरगी कधी काही मागत नाही, त्यामुळे मला गलबलून आलं आणि मी शब्द दिला. खाली आल्यावर बायकोने आबांना आणि मला एकत्र उभं करून बजावलं की उद्या या घरात बंदूक हा शब्द निघाला तर दोघांनी आमरसाच्या पातेल्याकडे फिरकायचं नाही.

आणखी एक गोष्ट आशूने त्याच दिवशी सांगितली होती, तीही इथेच सांगून टाकतो. आमच्या सामानाच्या खोलीला दिवाळीत नवीन आल्ड्रॉप बसवला, बाहेरच्या बाजूने. सुताराने चौकटीतलं भोक दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली पाडलं होतं. सळई जायची, पण कुरकुरत. "पप्पा, चार स्क्रू आहेत, पाच मिनिटांत सरकवून देते," असं ती म्हणाली, दिवाळीपासून तिसऱ्यांदा. मी म्हणालो, उद्या सुपारी आहे, हाताला खरचटलं तर विहीणबाई काय म्हणतील, राहू दे. मी आहे ना.

मे महिना. जळगावचा मे महिना म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही आणि जळगावकराला सांगावं लागत नाही. धुळ्याहून पाहुणे अकराला आले. हर्षलचे आजोबा नाना, आई लताताई, वडील, खुद्द हर्षल आणि एक गाडीवाला. हर्षलच्या वडिलांचा दोंडाईच्याला मिरचीचा व्यापार. ते आल्या आल्या मोबाइलवर भाव बघत बसले, ते शेवटपर्यंत. विहीणबाईंनी मात्र घरात पाऊल टाकताच छतापासून पायपुसण्यापर्यंत सगळं नजरेने मोजून घेतलं. बाई ठेंगणी, पण नजर अशी की मी विनाकारण शर्टाचं वरचं बटण लावलं. पाहुण्यांच्या पिशव्या, साखरेचा पुडा, साडी आणि अंगठी असं सगळं त्या सामानाच्या खोलीत ठेवलं. तिथेच खाटेवर बायकोच्या बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे खानदेशी पापड, वाळत होत्या. मुहूर्त बारा चाळीसचा. गुरुजींना त्यानंतर पिंप्राळ्याला वास्तुशांतीला जायचं होतं, हे त्यांनी चपला काढण्याआधीच सांगितलं.

पहिला अर्धा तास आम्ही दोघं देवासारखे वागलो. आबा उन्हाबद्दल बोलले, मी तुरीबद्दल बोललो. मग नानांनी पाणी पिऊन सहज विचारलं, आबा तुम्ही नोकरीला कुठे होता? आबा म्हणाले, फॅक्टरीत. नाना सरसावून बसले आणि म्हणाले की आपण तर एकाच गोत्रातले निघालो, कारण ते धुळ्याला पोलिसात एकोणतीस वर्षं होते. पंधरा ऑगस्टच्या सलामीला पुढच्या रांगेत उभे असायचे. मी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर आमरसाचं पातेलं तरळून गेलं, आणि मग ते दिसेनासं झालं.

"थ्री नॉट थ्रीसारखी बंदूक नही," नाना म्हणाले. "चिखलमा पडो, धूळमा पडो, ती थांबस नही."

आता यावर गप्प बसायचं की नाही? आबा म्हणाले, थ्री नॉट थ्री म्हणजे इंग्रजाचा माल, गडगड वाजणारा. माऊजर घ्या, दांडा असा बसतो की मध्ये केस जाणार नाही. नाना म्हणाले, माऊजरमध्ये गोळ्या पाच, आमचीत दहा. तुमची भरेपर्यंत आमचा माणूस मारून घरी जेवायला येतो. आबा म्हणाले, दहा कशाला लागतात? नेम नसतो त्याला लागतात. सुपारी फोडायला बसवलेले दोन म्हातारे एकमेकांना 'अहो-जाहो' करत इतकं तुच्छ लेखत होते की मला राहवेना. दोघंही चुकत होते. आबांना डब्यापलीकडे काही माहीत नव्हतं आणि नाना नुसतं भावनेने बोलत होते. तिथे शास्त्र सांगणारा माणूस एकच होता, आणि त्याने आदल्या दिवशी गच्चीवर शब्द दिला होता.

मी बोललो. थ्री नॉट थ्रीचा दांडा थोडाच उचलावा लागतो म्हणून हात झपाट्याने चालतो, हे मी सांगितलं. माऊजरचा दांडा जास्त उचलावा लागतो, पण तो पुढच्या बाजूला, गोळीपाशीच पक्का धरतो आणि गोळीला पंजाने पकडून आत नेतो, हेही सांगितलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज मी सन्मानाने जगत असतो. पण ज्ञान उतू जात होतं. मी म्हणालो, दोन्ही बऱ्या म्हणायच्या, रशियाची मोसिन बघा, तिचा दांडा कधीकधी असा अडकतो की लाकडाने ठोकावा लागतो.

"मोसिन?" नाना म्हणाले. "तो गॅरेजवाला? त्याना हात चांगला शे."

मी त्यांची कीव केली. (मनात. चेहऱ्यावर किती दिसली माहीत नाही.) अशा लोकांना तोंडी सांगून उपयोग नसतो, प्रात्यक्षिक द्यावं लागतं. मी उठलो आणि सामानाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं ते नीट बंद करून आल्ड्रॉपपाशी उभा राहिलो. दोघा म्हाताऱ्यांनी खुर्च्या ओढल्या. गुरुजीसुद्धा माळ थांबवून बघायला लागले.

आधी थ्री नॉट थ्री. मी दांडा अर्धवट उचलून हलक्या हाताने मागेपुढे, मागेपुढे केला. खटक खटक, खटक खटक. दहा वेळा. नाना मान डोलवत मोजत होते. मग माऊजर. मी सांगितलं, आता फरक बघा, हा दांडा पूर्ण उचलला, पूर्ण मागे घेतला, आणि आता पुढे, शेवटपर्यंत, पक्का. आणि खांद्याचा जोर लावून सळई चौकटीत घातली आणि मूठ खाली दाबली. खाट्! असा आवाज आला की आबांच्या डोळ्यांत समाधान उतरलं. याला म्हणतात जर्मन, असं ते म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको आली. हाताला पुरण होतं. तिने चौफेर बघितलं आणि विचारलं, "अहो, विहीणबाई कुठे आहेत?"

मी म्हणालो, तुझ्याकडे आत असतील. ती म्हणाली, त्या साडी नीट करायला आणि पुडा घ्यायला सामानाच्या खोलीत गेल्या, त्याला दहा मिनिटं झाली. मी बंद दाराकडे बघितलं. मग दारावर आतून, अगदी सावकाश, तीन थापा पडल्या.

"कोन शे तठे? दार काबर लाई दिन्हं?"

मी दांड्याला हात घातला. दांडा हलेना. ते दोन सुतांचं भोक होतं ना, त्यात मी माऊजरची पकड ठासून बसवली होती! दोन्ही हातांनी ओढलं, पाय चौकटीला लावून ओढलं. माझ्या हाताची सालं निघाली, आल्ड्रॉपच्या रंगालाही धक्का लागला नाही. मी दाखवायला गेलो माऊजर, आणि निघाली मोसिन. मी घाबरून हे मोठ्याने बोललो, तर नानांनी खिशातून मोबाइल काढला आणि विचारलं की मग त्या गॅरेजवाल्याला बोलवू का.

त्या खोलीला खिडकी नाही. पंखा नाही. पत्र्याचं छप्पर आहे आणि मे महिना आहे. माझ्या पोरीची होणारी सासू त्यात, बिबड्यांच्या शेजारी, वाळत पडली होती. सोबत अंगठी, साडी आणि साखरेचा पुडा, म्हणजे ज्याच्यावरून साखरपुडा म्हणतात तोच आत. घड्याळात बारा वीस झाले होते. आशू स्वयंपाकघराच्या दारात साडी सावरत उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना. पोरीने एकच गोष्ट मागितली होती, आणि मी ती आल्ड्रॉपमध्ये घालून ठोकली होती.

अशा वेळी अनुभवी माणसं पुढे येतात. आली. आबा म्हणाले, तेल घाला, जर्मन मशीनला आम्ही तेलच घालायचो. नाना म्हणाले, तेलाने काय होतंय, लाथ घाला, पोलिसात आम्ही दारं लाथेनेच उघडायचो. आबांनी गोडंतेल ओतलं, ते दांड्यावर कमी आणि फरशीवर जास्त पडलं. नानांनी पाय उचलला, तो त्याच तेलावरून सरकला आणि नाना गुरुजींच्या मांडीत जाऊन बसले. तिथूनही ते म्हणाले की थ्री नॉट थ्री असती तर अडकली नसती. आबा म्हणाले, पोलिसात असून साधं दार उघडता येत नाही. नाना म्हणाले, तुमच्या फॅक्टरीचाच असेल हा माल. मी दोघांना शांत करता करता म्हणून गेलो की आबांनी आयुष्यात बंदूक पाहिलेली नाही, ते डबे करायचे. झालं. नानांनी टाळी वाजवून हसायला सुरुवात केली. "डबा! डब्बेवाला मले माऊजर शिकाडी राहिना!" आबांचा चेहरा पडला, आणि मला लाज वाटली. चौतीस वर्षं एकाही डब्याला गळती लागू न देणारा माणूस होता तो.

तेव्हा दाराआडून आवाज आला. चढलेला नव्हता, पण ठाम होता.

"नाना, तुम्ही बँडमा व्हतात. बंदूकना नि तुम्हना काय संबंध?"

नानांचं हसू जागच्या जागी थिजलं. पुढच्या रांगेत उभं राहून ते एकोणतीस वर्षं पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते, हे असं भर सुपारीत बंद दारातून बाहेर आलं. आबा आणि नाना दोघंही जमिनीकडे बघायला लागले. मीही त्यांच्या ओळीत उभा राहून जमिनीकडेच बघितलं. डबे, क्लॅरिनेट आणि मोबाइल. तिघांत मिळून एकही गोळी नव्हती.

"बठ्ठा माणसं बाजूले व्हा," आतून हुकूम आला. "बाहेर कोनी बाई शे का?"

"मी आहे, काकू," आशू म्हणाली.

"तुनाजोडे पेचकस शे?"

आशूने एकदा माझ्याकडे बघितलं, मग पदर कमरेला खोचला आणि पर्समधून पेचकस काढला. पुढची पाच मिनिटं त्या दोघी दाराच्या अल्याड-पल्याड बोलत होत्या, आणि आम्ही भिंतीला पाठ लावून उभे होतो. विहीणबाईंनी विचारलं, भोक खाली आहे का वर? आशू म्हणाली, दोन सूत खाली. किती स्क्रू? चार. वरचे दोन सैल कर, काढू नको. आशूने केले. मग विहीणबाई म्हणाल्या, अडकलेल्या दांड्याला कधी जोर लावायचा नसतो, हे कुठल्याही बंदुकीचं पहिलं शिक्षण.

"मी दार आतमा ओढस. एक, दोन, तीनले तू दांडा उचल. पुढे ढकलू नको."

"हो, आई," आशू म्हणाली.

'काकू'ची 'आई' कधी झाली, तिलाही कळलं नाही. बायकोला कळलं, तिने पुरणाच्या हातानेच डोळे पुसले. तीनला दांडा अलगद उचलला गेला आणि मागे सरकला, जणू कधी अडकलाच नव्हता. दार उघडलं. विहीणबाई घामाने निथळत, पण साडीची एक निरी न मोडता, साखरेचा पुडा काखेत घेऊन बाहेर आल्या. हर्षलने धावत जाऊन पाणी दिलं. त्याच्या वडिलांनी मोबाइलवरून मान वर करून विचारलं, मुहूर्त झाला का?

विहीणबाईंनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"एन.सी.सी.न्या कॅम्पमा थ्री नॉट थ्रीन्या दहा गोळ्या मारेल शेत मी," त्या म्हणाल्या. "आठ दिवस खांदा दुखत व्हता. बंदूक चांगली का वाईट, ते त्या दिवशी कळनं. दोन्ही वाईट."

मी काहीतरी माफीसारखं पुटपुटायला लागलो, आणि त्यात माऊजरच्या पंजाचाही उल्लेख येऊन गेला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आशूच्या तेलकट हातातला पेचकस काढून घेतला, आपल्या पदराने तो हात पुसला आणि नानांना म्हणाल्या, "पोर मनी शे आते. सुपारी फोडा." म्हणजे पोर आता त्यांची. जाता जाता माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या की बिबड्यांत मीठ थोडं जास्त झालंय. आतमध्ये चार खाल्ल्या होत्या त्यांनी.

सुपारी बारा एकोणचाळीसला फुटली. आबा आणि नाना दोघांनी मिळून फोडली, आणि फोडताना एकमेकांच्या बोटावर मारायचं टाळलं, एवढं मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. आमरस आम्हा तिघांना मिळाला, पण शेवटच्या पंगतीला.

लग्न डिसेंबरात धुळ्याला झालं. मानपानाच्या वेळी विहीणबाईंनी मला टोपी, उपरणं, नारळ दिला आणि वर एक खोका ठेवला. मांडवात सगळ्यांसमोर उघडायला लावला. आत नवा कोरा पितळी आल्ड्रॉप होता, सोबत चार स्क्रू. मांडव हसून हसून लोळला. आबा आणि नाना तर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते, जसे काही ते दोघं त्या दिवशी गावालाच गेले होते.

तो आल्ड्रॉप अजून खोक्यातच आहे. म्हाताऱ्यांचे रोज फोन होतात, नाना सांगतात तो असा बसवा, आबा सांगतात तसा बसवा, आणि मी दोघांच्याही चुका व्हिडिओ दाखवून काढतो. सामानाच्या खोलीचं दार सध्या आम्ही सुतळीने बांधतो. घरात स्क्रू पिळता येणारं माणूस एकच होतं, आणि ते मी वाजतगाजत धुळ्याला पाठवून दिलं.